प्लॅटिनमसुद्धा झिजतं: उद्यमबागेच्या शेडपासून कॉलेजच्या लॅबपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत मामांची प्लेटिंगची, म्हणजे विजेनं धातूचा लेप चढवायची, शेड आहे; तिथं मी नऊ वर्षं काढली. आता एका कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलांची इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं घेते. दोन्हीकडचे लोक फोन करतात. शेडवाले टाकीतल्या अनोडबद्दल, म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडलेल्या धातूबद्दल, विचारतात, "ताई, अनोड सहा महिन्यांत कसा गेला?" मुलं सायकलिंगबद्दल, म्हणजे व्होल्टेज पुन्हा पुन्हा वर-खाली करण्याबद्दल, विचारतात, "मॅडम, सायकलिंगनंतर करंट का पडला?" दुखणं बहुतेक वेळा एकच निघतं, प्लॅटिनमसारख्या धातूची झीज, म्हणून दोघांची उत्तरं एकत्रच लिहिली आहेत.

सोनं-प्लॅटिनम गंजत नाही म्हणून तर महाग. मग ते झिजतं असं कसं म्हणता?

गंज हा शब्दच इथं घोटाळा करतो. गंज म्हटलं की डोळ्यांसमोर तांबूस लोखंड येतं. कन्नडात तुक्कू म्हटलं तरी तेच. प्लॅटिनमवर तसला पापुद्रा धरत नाही. पृष्ठभागावरचा एखादा अणू इलेक्ट्रॉन टाकतो, त्याचा आयन होतो आणि तो द्रावणात निघून जातो. मागे डाग नाही, पूड नाही. धातू चकचकीतच दिसतो, फक्त आधीपेक्षा थोडा कमी असतो.

अणू इलेक्ट्रॉन टाकणार की नाही, हे त्याच्यावर किती व्होल्ट पडलेत त्यावर ठरतं. हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडला शून्य धरलं तर चांदीचा आकडा ०.८०, पॅलेडियमचा ०.९५ च्या आसपास, प्लॅटिनमचा १.२ च्या जवळ आणि सोन्याचा १.५०. पुस्तकातले हे आकडे द्रावणात त्याच धातूचे आयन भरपूर असतानाचे आहेत. स्वच्छ द्रावणात झीज बरीच आधी सुरू होते. प्लॅटिनमच्या आयनांचं प्रमाण दशलक्षांश मोलर असेल तर तो १.२ चा आकडा १.० वर येतो. आता हे बघा: हायड्रोजनपासून वीज करून गाडी चालवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये, गाडी चालू ठेवून नुसती उभी असताना, कॅथोडवर (हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर) ०.९५ च्या आसपास व्होल्ट असतात. पाण्याचं विघटन करणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमध्ये तर पूर्ण सेलवर १.८ ते २ व्होल्ट लागतात आणि त्यातला बहुतेक भार अनोडच्या वाट्याला येतो. म्हणजे हे धातू जिथं कामाला लावतो, तिथं ते आपल्या सहनशक्तीच्या काठावरच उभे असतात.

बेल्जियमच्या मार्सेल पूर्बे यांनी कुठल्या व्होल्टेजला आणि कुठल्या पीएचला कुठला धातू टिकतो याचे नकाशे काढले, १९६३ साली त्यांचा मोठा संग्रह आला. त्यात प्लॅटिनमच्या झिजेचा पट्टा अगदी चिंचोळा आहे, तीव्र आम्लात १ व्होल्टच्या आसपास. तो नकाशा बघून मुलं निश्चिंत होतात. खरं तर तो नकाशा स्थिर स्थितीचा आहे. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना वाटेत काय होतं, ते त्यात नाही. आणि सगळी गोम त्या वाटेतच आहे.

सराफकट्ट्यावर तेजाबात सोनं विरघळवतात. त्याचा याच्याशी काय संबंध?

शहापूरच्या एका सराफांनी हा प्रश्न विचारला आणि मला तो फार आवडला, कारण सगळं रसायन त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आधीपासून चाललेलं आहे.

नुसत्या शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, शुद्ध सोनं टाका; ढिम्म हलत नाही. नुसत्या मिठाच्या तेजाबात टाका; तेच. एक भाग पहिलं आणि तीन भाग दुसरं मिसळून अम्लराज केलं की विरघळलं. कारण कामं दोन आहेत आणि ती दोघांनी वाटून घ्यावी लागतात. नायट्रिक आम्ल सोन्याच्या अणूकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं. क्लोराइड त्या मोकळ्या झालेल्या आयनाला चारी बाजूंनी धरून ठेवतं, माघारी फिरू देत नाही. क्लोराइडच्या संगतीत सोन्याचा १.५० चा आकडा थेट १.०० वर येतो आणि प्लॅटिनमचा ०.७५ च्या आसपास.

रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीत खनिजातून सोनं काढतात तेही याच न्यायानं. तिथं इलेक्ट्रॉन घेतो हवेतला ऑक्सिजन आणि आयनाला धरतं सायनाइड. आपल्या टाकीत इलेक्ट्रॉन खेचायचं काम रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारा डबा, करतो, त्याला नायट्रिक आम्लाची गरज नाही. धरून ठेवणारं कुणीतरी मिळालं की झालं. म्हणून आमच्या शेडमध्ये एक नियम भिंतीवर रंगवलेला होता: टाकीत बोअरचं पाणी टाकायचं नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड असायचंच. पाणी वाफ होऊन उडत राहतं, क्लोराइड टाकीत साठत राहतं. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन संपला म्हणून एकदाच ओतलेल्या बादलीनं आभाळ कोसळत नाही, पण महिनाभर तसंच चाललं तर अनोड बोलतो.

जाता जाता: १९४० साली जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं तेव्हा हेवेशी या रसायनशास्त्रज्ञानं फॉन लाउअ आणि फ्रांक यांची सोन्याची नोबेल पदकं अम्लराजात विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली. युद्ध संपल्यावर त्यातलं सोनं परत काढून पदकं पुन्हा घडवली गेली. विरघळलेला धातू संपत नाही, जागा बदलतो. पुढच्या प्रश्नांत हे लागणार आहे.

सतत चालवण्यापेक्षा चालू-बंद केलं की जास्त झीज होते, हे खरं का?

खरं आहे. बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा.

प्लॅटिनमवर व्होल्टेज हळूहळू चढवत नेलं की ०.८५ च्या सुमारास त्यावर ऑक्सिजन धरू लागतो. आधी तो नुसता वर बसलेला असतो. १.१ च्या पुढं गेलं की जागांची अदलाबदल सुरू होते: ऑक्सिजन खाली शिरतो, प्लॅटिनमचा अणू वर उचलला जातो. जुन्या वाड्याच्या फरसबंदीतला एकेक दगड उपटून वर ठेवावा तसं. तिथंच थांबलात, व्होल्टेज स्थिर ठेवलं, तर हा ऑक्साइडचा थर पांघरुणासारखं काम करतो आणि झीज मंदावते.

घोळ होतो व्होल्टेज खाली आणताना. ऑक्सिजन निघून जातो, उपटलेले दगड आपापल्या खाचेत परत बसायला बघतात, आणि सगळ्यांना खाच सापडत नाही. उरलेले अणू द्रावणात जातात. चढताना थोडी झीज, उतरताना बहुतेक वेळा त्याहून जास्त. हे ऐकून मुलं चक्रावतात, कारण धातू ऋण बाजूला नेला की सुरक्षित, असंच त्यांनी लोखंडाच्या धड्यात वाचलेलं असतं.

हे डोळ्यांनी दिसलं ते फार जुनं नाही. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेत एक जोडणी तयार झाली: नमुन्यावरून सतत द्रावण वाहतं ठेवायचं आणि ते तसंच पुढं मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रात, सोडायचं. म्हणजे धातूचा अणू निघाला की काही सेकंदांत त्याची नोंद. व्होल्टेज एकदा वर-खाली केलं की आलेखावर दोन शिखरं उमटतात, एक चढतानाचं, एक उतरतानाचं. मधल्या स्थिर काळात रेघ जवळजवळ आडवी.

आता हेच उद्यमबागेत आणून बघा. मार्च-एप्रिलची दुपार, दहा मिनिटांत तीनदा वीज जाते आणि येते. जनरेटर घ्यायचा, सोडायचा, परत घ्यायचा. कामगाराच्या हिशेबी तीन वेळा चहा झाला. अनोडच्या हिशेबी तीन वेळा फरसबंदी उपटून परत बसवली.

किती झिजतं ते आकड्यात सांगा ना.

आधी चांगली बातमी. एक अँपिअर करंट वर्षभर वाहिला आणि तो सगळाच्या सगळा प्लॅटिनम विरघळवण्यात गेला, तर फॅरडेच्या नियमानं सुमारे ३२ किलो प्लॅटिनम जाईल. प्रत्यक्षात समुद्राच्या पाण्यात पोलादाचं रक्षण करायला जे प्लॅटिनम चढवलेले टायटॅनियमचे अनोड लावतात, त्यांची झीज स्थिर डीसीवर दर अँपिअरमागे वर्षाला ६ ते १० मिलिग्रॅम असते. तेही क्लोराइडनं भरलेल्या पाण्यात. इतका सोशिक धातू दुसरा शोधून सापडणार नाही.

आता वाईट बातमी. पृष्ठभागावरचा अणूंचा एक थर म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ४८६ नॅनोग्रॅम प्लॅटिनम. व्होल्टेजच्या एका चढ-उतारात फक्त १ नॅनोग्रॅम गेलं असं धरा. पाचशे चढ-उतारांत एक थर साफ. जाड पत्र्याला त्याचं काही नाही. पण फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनम ३ नॅनोमीटरच्या कणांत असतं. अशा कणात जेमतेम नऊशे-साडेनऊशे अणू मावतात, बाहेरून मध्यापर्यंत सहा-सात थर. गाडीसाठीच्या कॅटॅलिस्टची (क्रिया घडवून आणणाऱ्या या कणांची) चाचणी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या पद्धतीप्रमाणे ०.६ ते ०.९५ व्होल्टमध्ये ३०,००० चढ-उतार घेऊन करतात. हिशेब तुम्हीच करा. सुदैवानं निघालेले सगळे अणू पळून जात नाहीत, बरेचसे जवळपासच परत बसतात. तो पुढचा प्रश्न.

कण जितका बारीक तितकं काम जास्त, असं शिकवतात. मग आणखी बारीक का करत नाही?

साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरतात त्या भांड्यावर, काम केलेल्या माणसाला विचारा. आमच्या भागात प्रत्येक घरात एकतरी सापडेल. पॅनमध्ये नको तेव्हा बारीक दाणा फुटला तर पॅनमन थोडं पाणी देतो. बारीक दाणा आधी विरघळतो, मोठा टिकतो आणि त्यातलीच साखर पुढं मोठ्या दाण्यावर बसते. लहान कणाच्या पृष्ठभागावरचे अणू शेजाऱ्यांनी कमी धरलेले असतात, त्यामुळं ते लवकर सुटतात. प्लॅटिनमचंही तेच: लहान कणातून निघालेला आयन मोठ्या कणावर जाऊन बसतो. याला ओस्टवाल्डचं नाव दिलेलं आहे, १९०९ च्या नोबेलचे ते ओस्टवाल्ड. प्लॅटिनमचं एकूण वजन तेवढंच राहतं, पृष्ठभाग मात्र कमी होतो. वजन करून झीज कळत नाही ती यामुळं.

दीड-दोन नॅनोमीटरच्या कणांनी पेपरात चमकायचं आणि गाडीत महिन्यात आटोपायचं. म्हणून व्यवहारात ३ ते ५ नॅनोमीटर.

झिजलेलं प्लॅटिनम जातं कुठं?

काही मोठ्या कणांवर, ते वर सांगितलं. काही पाण्याबरोबर बाहेर. आणि काही मेंब्रेनमध्ये, म्हणजे अनोड आणि कॅथोडच्या मधल्या पातळ पडद्यात, शिरतं. तिथं पलीकडून झिरपणारा हायड्रोजन त्याला भेटतो, आयनाचा परत धातू होतो, आणि मेंब्रेनच्या आत प्लॅटिनमचा एक पट्टा तयार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली काप बघितला की काळी रेघ दिसते. धातू सेलमध्येच आहे, पण ना अनोडच्या कामाचा ना कॅथोडच्या. भांडण होऊन माडीवर जाऊन बसलेल्या पाहुण्यासारखा.

मॅडम, माझा कॅटॅलिस्ट दोन हजार सायकलनंतर सुधारला! पेपर लिहू का?

थांब.

दोन वर्षांपूर्वी निपाणीकडची एक मुलगी सकाळी सकाळी कुंद्याचा डबा घेऊन लॅबमध्ये आली होती. तिनं मॉलिब्डेनम सल्फाइडचा कॅटॅलिस्ट केला होता, आम्लात हायड्रोजन सोडवायला. रात्रभर सायकलिंग लावून गेली, सकाळी बघते तर आदल्या दिवशीपेक्षा कितीतरी कमी व्होल्टेजला तोच करंट. आलेखावरची रेघ जवळजवळ प्लॅटिनमच्या रेघेला जाऊन भिडलेली. स्वस्तातलं खनिज रातोरात प्लॅटिनमसारखं वागू लागलं!

मी कुंदा खाल्ला, मग विचारलं, "काउंटर इलेक्ट्रोड कुठला लावलायस?" म्हणजे करंटचा फेरा पुरा करायला समोर लावतात तो. प्लॅटिनमची तार. सेल एकच, मधे काचेचा पडदा नाही. तिचा चेहरा बघूनच कळलं की उत्तर तिला सापडलं. तिचा कॅटॅलिस्ट हायड्रोजन सोडत होता तेव्हा समोरची तार ऑक्सिजन सोडायला बरीच वर चढत होती, प्रत्येक सायकलला वर-खाली होत होती, आणि थोडी थोडी विरघळत होती. ते आयन पोहत समोर आले आणि तिच्या कॅटॅलिस्टवर धातू होऊन बसले. प्लॅटिनमच्या रेघेला भिडलेली ती रेघ प्लॅटिनमचीच होती.

आम्ही तार काढून ग्रॅफाइटची कांडी लावली, नवा नमुना, नवं द्रावण, परत रात्रभर. सकाळी रेघ जिथल्या तिथं. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही, खरं नंतर तिचा प्रबंध याच तुलनेमुळं चांगला झाला.

तेव्हा हायड्रोजनच्या कॅटॅलिस्टवर काम करणाऱ्यांनी प्लॅटिनमचा काउंटर वापरू नये. ग्रॅफाइट वापरा, शक्यतो काचेच्या छिद्रपटलामागे, कारण ग्रॅफाइटही थोडं झडतं. दुसरी चोरवाट रेफरन्स इलेक्ट्रोडची, म्हणजे व्होल्टेज ज्याच्याशी ताडून मोजतात त्या तिसऱ्या इलेक्ट्रोडची. सिल्व्हर क्लोराइडच्या रेफरन्समधून क्लोराइड झिरपतो, आणि क्लोराइड काय करतो ते वर सराफांच्या प्रश्नात आलं. आम्लात काम असेल तर मर्क्युरी सल्फेटचा रेफरन्स घ्या.

कार्बनचं काय? तो तर प्लॅटिनमच्या खालचा नुसता आधार.

आधारच जळाला तर वरचं कुठं राहणार? कार्बनचा पाण्याशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड व्हायला कागदावर फक्त ०.२ व्होल्ट पुरतात. ही क्रिया सुदैवानं अतिशय मंद आहे, म्हणून फ्युएल सेल चालतात. पण गाडी बराच वेळ बंद राहिली की हायड्रोजनच्या बाजूला हवा शिरते. परत चालू करताना एका टोकाला हायड्रोजन आणि दुसऱ्या टोकाला हवा अशी काही क्षण अवस्था येते, आणि तेवढ्यात हवा असलेल्या टोकासमोरच्या कॅथोडवर १.४ ते १.५ व्होल्ट चढतात. तिथं कार्बन भराभर जळतो आणि कण सुटे होऊन वाहून जातात. पुन्हा तेच: चालवण्यानं नुकसान कमी, सुरू करण्यानं जास्त. म्हणून गाडी कंपन्या बंद करताना आणि सुरू करताना वायू भराभर बदलतात, आणि व्होल्टेज वर जाऊ नये म्हणून मुद्दाम लोड लावून ठेवतात.

आमच्या रोडियमच्या टाकीतला प्लॅटिनम अनोड सहा महिन्यांत पांढरट पडला. माल बनावट होता का?

शक्य आहे, पण आधी रेक्टिफायर बघा. हे मी स्वतःच्या घरच्या नुकसानीवरून सांगते.

मामांकडं चांदीच्या दागिन्यांवर रोडियम चढवायचं काम यायचं, बरंचसं हुपरीकडून. टायटॅनियमच्या जाळीवर अडीच मायक्रॉन प्लॅटिनम चढवलेले अनोड. अडीच मायक्रॉन म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम ५.४ मिलिग्रॅम. सरळ डीसीवर ते वर्षानुवर्षं पुरतात. एका पावसाळ्यात आमच्या रेक्टिफायरमधला एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, उडाला. कुणाला कळलं नाही, कारण काम चालूच होतं, फक्त अँपिअरचा काटा खाली आला होता. कामगारानं नॉब फिरवून काटा परत जागेवर आणला. तीन महिन्यांनी अनोडच्या कडा करड्या दिसू लागल्या, मग टाकीचं व्होल्टेज वाढू लागलं, मग जाळीच्या मधोमध उघडं टायटॅनियम.

झालं होतं असं. चार डायोडचा ब्रिज धड असला की एसीच्या दोन्ही लाटा सरळ होतात, सेकंदाला शंभर ठोके. एक डायोड गेला की एक लाट गायब, सेकंदाला पन्नास ठोके आणि प्रत्येक दोन ठोक्यांच्या मधे करंट शून्य. अनोडच्या दृष्टीनं सेकंदाला पन्नास वेळा चालू-बंद. शंभर ठोक्यांचं हेलकावणं प्लॅटिनम सोसतं. कमी फ्रिक्वेन्सीचं हेलकावणं झीज वाढवतं. डायोड अगदी किरकोळ किमतीचा असतो. अनोडची किंमत मामा आजही सांगत नाहीत.

तपासायचं कसं? मल्टिमीटर डीसीवर ठेवून काही कळणार नाही, सरासरी बरोबरच दाखवेल. अनोड नवा असताना एकदा एसी रेंजवर आकडा घेऊन डब्यावर मार्करनं लिहून ठेवा आणि दर महिन्याला ताडून बघा. एकदम वाढला की ब्रिज उघडा. जवळ विजेची लाट पडद्यावर दाखवणारा स्कोप असेल तर प्रश्नच नाही. कान चांगला असलेला माणूस रेक्टिफायरच्या घोंघावण्यावरूनही ओळखतो, आवाज जाडा होतो.

बाकीच्या चुका लवकर सांगते. दुरुस्तीनंतर वायरी उलट्या जोडणं: पाच मिनिटांतही नुकसान होतं, म्हणून लाल-काळा रंग वायरीवरच मारून ठेवा. टाकी बंद असताना अनोड आत लटकत ठेवणं: काढून धुऊन ठेवा. फ्लोराइड असलेल्या पिकलिंगमध्ये (धातू साफ करायच्या आम्लात) अनोड साफ करणं: फ्लोराइड टायटॅनियमच खातं, वरचं प्लॅटिनम पापुद्र्यासारखं सुटतं. क्लोराइडच्या टाकीत जास्त व्होल्ट देणं: साधारण ८ ते १२ व्होल्टच्या पुढं उघड्या टायटॅनियमचं स्वतःचं कवच फुटतं. आणि तारेच्या ब्रशनं घासणं. त्याबद्दल काय बोलणार!

इरिडियम आणि रुथेनियमची नावं हल्ली फार ऐकू येतात. ती प्लॅटिनमपेक्षा टिकाऊ आहेत का?

काम कुठलं त्यावर. पाण्यातून ऑक्सिजन सोडवायच्या बाजूला आम्लात प्लॅटिनम नीट काम करत नाही, त्याचा ऑक्साइड आळशी. तिथं इरिडियमचा ऑक्साइड लागतो. रुथेनियमचा ऑक्साइड त्याहून चपळ आहे, पण जोरात काम दिलं की तो रुथेनियम टेट्रॉक्साइड होऊन जातो. त्याचा उत्कलनबिंदू साधारण ४० अंश, आणि तो विषारी. चपळ गडी लवकर दमतो, तशातली गत.

इरिडियमची अडचण वेगळी. साऱ्या जगात वर्षाला सात-आठ टनच निघतं, तेही प्लॅटिनमच्या खाणींतलं उपउत्पादन म्हणून. चांगला भाजलेला, स्फटिकरूप ऑक्साइड टिकतो. पाणी धरलेला अस्ताव्यस्त ऑक्साइड जास्त काम करतो पण जास्त विरघळतो. म्हणून हल्ली एक इरिडियमचा अणू जाईपर्यंत ऑक्सिजनचे किती रेणू मिळाले, असा हिशेब मांडतात. मला हा हिशेब पटतो. बैल किती ताकदीचा यापेक्षा त्यानं जन्मभरात किती नांगरलं, ते विचारणं.

रुथेनियम मात्र एका ठिकाणी राजा आहे. टायटॅनियमच्या पत्र्यावर रुथेनियम आणि टायटॅनियमचे ऑक्साइड भाजून बसवायची युक्ती हेन्री बिअर यांनी १९६० च्या दशकात काढली, आणि मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा करणाऱ्या कारखान्यांतले ग्रॅफाइटचे अनोड गेले. बेळगावात बॉक्साइटपासून अल्युमिना करतात त्याला कॉस्टिक सोडाच लागतो. म्हणजे तुम्ही रुथेनियम कधी बघितलं नसेल, तरी त्याच्या कमाईवर आपलं गाव थोडंफार चालतं.

सोलर किंवा पवनचक्कीची वीज थेट इलेक्ट्रोलायझरला दिली तर?

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य, तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक सेमिनारमध्ये येतो. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या बघितल्यात ना? कधी गरगर, कधी निवांत. वीज थांबली की इलेक्ट्रोलायझरमध्ये हायड्रोजन मेंब्रेनमधून झिरपून अनोडकडे येतो आणि तिथल्या इरिडियम ऑक्साइडचा वरचा थर धातूकडे ओढतो. वारा आला, व्होल्टेज परत चढलं, की तो थर नव्यानं ऑक्साइड होतो आणि होताना विरघळतो. वरचीच फरसबंदी, दुसऱ्या धातूची. पूर्ण बंद न करता थोडा करंट चालू ठेवला तर हे बरंचसं टळतं. त्यासाठी बॅटरी किंवा ग्रीडचा आधार लागतो.

बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरमध्येही प्लॅटिनम असतं म्हणे. तेही असंच विरघळतं का?

नाही. तिथं प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतात खरे, पण ती झीज उष्णतेची: कण तापून एकमेकांत मिसळतात, शिवाय तेलातल्या फॉस्फरसचा लेप बसतो. विजेचा संबंध नाही.

चांदी काळी पडते ते हेच का?

नाही, ते हवेतल्या गंधकाचं काम. ते घालवायला चिंच, किंवा सोडा आणि अल्युमिनियमची फॉइल.

लॅबमध्ये महागडं यंत्र नाही. झीज मोजायची कशी?

अर्धं काम पोटेन्शिओस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज हवं तसं ठेवून करंट मोजणाऱ्या यंत्रावर, होतं. आम्लात नायट्रोजन सोडून सायक्लिक व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज वर-खाली करतानाचा करंटचा आलेख) घ्या, हायड्रोजन बसण्याच्या भागाखालचा चार्ज काढा, २१० मायक्रोकुलंबनं भागा. तेवढे चौरस सेंटिमीटर प्लॅटिनम शिल्लक. चाचणीच्या आधी आणि नंतर हे केलं की किती पृष्ठभाग गेला ते कळतं. पण तो विरघळून गेला, की कण मोठे झाले, की कार्बन जळून सुटला, हे यावरून कळत नाही. त्यासाठी द्रावणाचा नमुना आयसीपी-एमएसला, म्हणजे द्रावणातला धातू मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला, पाठवावा लागतो. काचेच्या बाटलीत न ठेवता आम्लानं धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाठवा, आणि कोऱ्या द्रावणाचा नमुनाही सोबत द्या. कोरा नमुना विसरलेले निकाल मी परत पाठवते.

संपलेल्या अनोडचं आणि टाकीच्या गाळाचं काय करायचं?

घरी अम्लराजात टाकून प्लॅटिनम काढायचा उद्योग करू नका. प्लॅटिनमच्या क्लोराइड क्षारांच्या धुळीनं शिंका, अंगावर गांधी आणि पुढं दमा लागतो, आणि एकदा लागला की तो अगदी थोड्या धुळीलाही उठतो. रिफायनिंगवाल्या कामगारांचा हा जुना आजार आहे.

सराफांच्या गल्लीत झारेकरी यायचे, दुकानातला केर, भट्टीतली राख विकत घ्यायचे आणि धुऊन सोनं काढायचे. अनोडला तोच न्याय लावा. जाळी मोडू नका, घासू नका, कोरडी करून वजन करा, नव्या अनोडच्या वजनाशी ताडा, आणि परत लेप चढवून देणाऱ्याकडं पाठवा. टायटॅनियमची जाळी धड असली तर ती पुन्हा वापरता येते. पहिल्या स्वच्छ धुण्याचं पाणी गटारात सोडू नका, त्यात रोडियम असतं, ते टाकी भरायला वापरा. आमच्याकडं त्या डायोडच्या वर्षीच्या दोन जाळ्या अजून फळीवर आहेत. मामा त्या विकायला तयार नाहीत, नवा कामगार आला की आधी त्या त्याच्या हातात देतात आणि कडेला बोट लावून विचारतात, "इथं काय होतं, सांग?"